पायातला रॉड गंजतो का?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या आपल्या माणसांना गंज कुणी समजावून सांगायला नको. पावसात चार दिवस उघड्यावर पडलेली सळई लाल होते, हे ते रोज बघतात. म्हणूनच मांडीत रॉड बसवलेल्या एका भावानं आम्हाला वस्तीत विचारलं, "ताई, हा आत गंजला तर?" गंजाच्या धास्तीनं घरच्यांनी त्यांचं लिंबू, टोमॅटो, चिंच सगळं बंद केलं होतं.

सळई आणि शरीरातला रॉड एकाच लोखंडाचे नसतात. हाडासाठीच्या स्टीलमध्ये साधारण १७ ते १९ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या प्राणवायूशी मिळून ते डोळ्यांना न दिसणारं पातळ कवच तयार करतं. टायटॅनियमही असंच स्वतःचं कवच धरतं. ते पक्कं व्हावं म्हणून कारखान्यात स्टीलचा रॉड चकचकीत करून आम्लात धुतात. काही कृत्रिम सांध्यांवर हाडात असतं तसल्याच कॅल्शियम-फॉस्फेटचा थर चढवतात. तो अंगाला मानवतो आणि हाड त्याला घट्ट धरतं.

पण रक्तात मीठ आहे, आणि मीठ हे कवचाचं वैरी. स्क्रू सैल होऊन प्लेटला घासू लागला की कवच फाटतं, धातू झिजतो, बारीक कण आसपासच्या मांसात उतरतात. मग सूज आणि दुखणं सुरू होतं.

हे किती महागात पडतं, ते 'एएसआर' खुब्यानं दाखवलं. डीप्यू कंपनीचा हा धातूवर धातू घासणारा सांधा. अनेकांच्या रक्तात कोबाल्ट-क्रोमियम वाढलं, पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. २०१० साली कंपनीनं तो जगभरातून परत घेतला. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत बसवला होता. पुढे सरकारी समितीनं चौकशी केली, तेव्हा त्यातल्या बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही.

म्हणून आमचं सांगणं:

• सुट्टी मिळताना रॉडचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी आणि बॅच नंबर असतो. योजनेतून फुकट ऑपरेशन झालं तरी तो तुमचा हक्क आहे.

• खोट्या दागिन्यांनी अंगाला खाज सुटत असेल, तर ऑपरेशनआधीच डॉक्टरांना सांगा. स्टीलमध्येही निकेल असतं.

• जखम भरल्यावर पुन्हा दुखलं, सूज आली, पाणी आलं, तर लेप लावत बसू नका. एक्स-रे काढा.

• रॉडमुळे त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा.

आणि आंबट? त्यानं रॉड गंजत नाही. पोटातलं आंबट तसंच रक्तात उतरत नाही. उलट लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व जखम भरायला लागतं. जोडीला डाळ, अंडी हवीतच.

त्या भावाच्या ताटात आता लिंबाची फोड आहे. स्टिकर मात्र फाईलमध्ये नव्हतं. ते मिळवायला आम्ही त्यांच्यासोबत दवाखान्यात चाललो आहोत.