स्वादुपिंडाचा कर्करोग : राखणदारच फितूर होतात तेव्हा

"साहेब, केमो सुरू आहे तरी गाठ वाढतेच आहे. वडिलांची प्रतिकारशक्ती कमी पडते का? ती वाढवायचे काही लिहून द्या ना."

स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाचा मुलगा असे विचारतो, तेव्हा 'इम्युनिटी' वाढवणारी एखादी महागडी पावडर त्याच्या पिशवीत बहुधा आधीच असते. त्याचा प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर मात्र त्याला वाटते त्याहून वेगळे आहे. या आजारात प्रतिकारशक्ती नुसती कमी पडत नाही. तिच्यातील काही पेशी चक्क गाठीच्या बाजूला जातात आणि औषधाचाही परिणाम कमी करतात.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याजवळ असते. त्यामुळे तिथली गाठ हाताला लागत नाही आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. निदान होते तेव्हा पाचातील साधारण एकाच रुग्णाची शस्त्रक्रिया शक्य असते. बाकीच्यांची भिस्त केमोथेरपीवर. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना हाच कर्करोग होता. मुंबई, न्यूयॉर्क आणि दिल्ली येथे उपचार घेऊनही १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चांगल्यात चांगले उपचार मिळूनही हा आजार का हटत नाही, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता.

त्याचे एक कारण गाठीच्या रचनेत आहे. या गाठीत कर्कपेशी अनेकदा थोड्या आणि त्यांच्याभोवतीचे तंतुमय आवरण जास्त असते. या आवरणामुळे रक्तवाहिन्या दबतात आणि सलाइनमधून दिलेले औषध आतपर्यंत नीट पोहोचत नाही.

दुसरे कारण आहे या आवरणात वस्तीला असलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी. त्यात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी बऱ्याच असतात. एरवी जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणे आणि जखम भरून यायला मदत करणे ही त्यांची कामे. कर्कपेशी रासायनिक संदेश पाठवून त्यांना जखम भरण्याच्या कामाला जुंपतात. मग त्या गाठीला वाढीचे घटक पुरवतात आणि कर्कपेशींना मारू शकणाऱ्या टी पेशींना थोपवून धरतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार.

केमोच्या औषधाशी त्यांचा संबंध कसा येतो, हे २०१९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. या कर्करोगात जेमसायटाबिन हे औषध अनेक वर्षांपासून वापरात आहे. डीएनए बांधण्यासाठी पेशीला लागणाऱ्या एका विटेची ही हुबेहूब नक्कल. कर्कपेशी ती खरी समजून वापरते, बांधकाम अडते आणि पेशी मरते. पण गाठीतील मॅक्रोफेज त्याच प्रकारच्या खऱ्या विटा बाहेर सोडत राहतात. दोन्ही विटांना आत जायचे दार एकच. खऱ्या विटांची गर्दी झाली की नकली वीट मागे राहते. उंदरांमध्ये या मॅक्रोफेज कमी केल्या, तेव्हा जेमसायटाबिनचा परिणाम वाढला.

मग इम्युनोथेरपी का देत नाही, असे नातेवाईक विचारतात. टी पेशींवरील 'ब्रेक' काढणाऱ्या उपचाराच्या शोधाला २०१८ चे नोबेल मिळाले आणि काही कर्करोगांत त्याने रुग्णांचे आयुष्य खरोखर वाढले. पण ब्रेक काढायला आधी गाडी तिथे असावी लागते. स्वादुपिंडाच्या गाठीत टी पेशी मुळात कमी आणि ज्या असतात त्या दबलेल्या. शंभरातील एखाद्याच रुग्णात तपासणीत विशिष्ट जनुकीय दोष सापडतो आणि त्याला या उपचाराचा उपयोग होऊ शकतो. म्हणून गाठीच्या तुकड्याची ही तपासणी करता येईल का, हे कर्करोगतज्ज्ञांना जरूर विचारा. ती न करता लाखोंच्या इंजेक्शनसाठी शेत विकायला काढू नका.

मॅक्रोफेजना रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या झाल्या, पण मोठे यश अजून मिळालेले नाही. लसीच्या प्रयोगाने थोडी आशा दाखवली आहे. न्यूयॉर्कमध्ये १६ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर इतर उपचारांच्या जोडीने, त्यांच्याच गाठीवरून बनवलेली एमआरएनए लस दिली गेली. त्यातील ८ जणांमध्ये गाठीविरुद्ध टी पेशी तयार झाल्या आणि त्यांच्यात आजार परतायला जास्त वेळ लागला. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र १६ ही संख्या फार लहान आहे. शिवाय या सर्वांची गाठ शस्त्रक्रियेने काढता आली होती.

म्हणजे पुन्हा लवकर निदानापाशीच येतो. आपल्या खानदेशात डोळे पिवळे झाले की आधी कावीळ उतरवायला नेतात आणि त्यात आठवडे जातात. न दुखणारी कावीळ, अंगाला खाज, पांढरट शौच, वजन झपाट्याने उतरणे, पाठीकडे जाणारे पोटदुखीचे कळ, पन्नाशीनंतर अचानक लागलेला मधुमेह आणि सोबत वजनातील घट, यातले काही दिसले तर आधी सोनोग्राफी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सीटी स्कॅन करून घ्या. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीचा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समावेश आहे. धुळे आणि जळगावच्या शासकीय रुग्णालयांत त्याची चौकशी करता येते. आणि विडी-सिगारेट सोडा. या कर्करोगाच्या टाळता येणाऱ्या कारणांत धूम्रपान हे प्रमुख आहे.

त्या मुलाला मी सांगतो, वडील कमजोर म्हणून औषध हरले असे मनात आणू नकोस. तू काही कमी केलेस असेही नाही. पावडरीने फितूर पेशी परत फिरत नाहीत, तो पैसा वाचव. त्याऐवजी त्यांच्या वेदनेवर पुरेसे औषध, अन्न पचावे म्हणून एन्झाइमच्या गोळ्या, साखरेवर लक्ष आणि थोडे थोडे पण सकस जेवण एवढे सांभाळ. त्यांना त्याचा खरा आधार मिळेल.