रक्तदाब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर येणारा दाब म्हणजे रक्तदाबाचा वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त भरला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

‘डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग बीपी कुठला?’ हा सर्वांत घातक गैरसमज. बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. त्या काळात धमन्या कडक होतात, हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या निकामी होत जातात. कित्येकदा पहिले लक्षण म्हणून थेट पक्षाघातच समोर येतो.

गोळी एकदा सुरू झाली की जन्माची चिकटते, या भीतीने अनेक जण ती टाळतात. गोळीचे व्यसन लागत नाही. आजारच बहुधा कायमचा असतो. महिनाभराने १३०/८० भरला की ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून गोळ्यांचे पाकीट कपाटात जाते. पण तो १३०/८० गोळीमुळेच आलेला असतो. वजन आणि मीठ कमी केल्यावर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. परस्पर बंद केल्यास दाब पुन्हा चढतो, काही औषधांच्या बाबतीत तर एकदम उसळतो.

‘शंभर अधिक वय’ हा हिशेब अजून घरोघरी ऐकू येतो. वयाबरोबर दाब वाढणे सर्रास आढळते, पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. एके काळी डॉक्टरांनाही वाढलेला दाब ही शरीराची गरज वाटे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले, तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. पुढे साठीच्या वरच्या ४,७३६ लोकांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. नुसता वरचा आकडा वाढलेल्या या लोकांत औषधांनी पक्षाघाताचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटले.

पानात वरून मीठ न घेणे चांगलेच, पण पुरेसे नाही. लोणचे, पापड, फरसाण, खारी यांतून ते पोटात जातच असते. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरही नाही.

मोजण्यातही चुका होतात. जिना चढून आल्या आल्या, शर्टाच्या बाहीवरून, हात लोंबता ठेवून घेतलेला आकडा खरा नसतो. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर. उघड्या दंडावर पट्टा, दंड हृदयाच्या पातळीत. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. घरी मोजताना सकाळी गोळीपूर्वी, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी.