अस्सलबरहुकूम

धुळ्यास देवपुरात, मामांच्या घराच्या मागच्या ओसरीत, कापसाच्या रिकाम्या पोत्यांखाली जिने तब्बल अकरा वर्षे कबुतरांचा आणि लपंडाव खेळणाऱ्या नातवंडांचाच काय तो सहवास अनुभवला होता, ती वस्तू मामांची यामाहा आर.एक्स. १०० आहे, हे मला ठाऊक होते. परंतु तिची किंमत काय, हे पोती बाजूस सारताच चिरंजीवांच्या तोंडून जो उद्गार निघाला त्यावरून मला प्रथम कळले. मामा वारल्यापासून तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. टाकीत गंज, टायर भुईला चिकटलेले, किक दाबावी तर ती खालीच राहणारी. मामींचे म्हणणे एवढेच, की भंगारवाला दोनदा येऊन गेला आहे, तेव्हा काय ते एकदा ठरवा.

जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार घरच्या घरी उघडून पुनरपि उभी करण्याचा छंद तिकडे जपानात एवढा प्रतिष्ठेस पोचला आहे, की माझ्दा कंपनीने २०१७ साली आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टर गाड्यांचा जीर्णोद्धार स्वतःच करून देण्याची योजना जाहीर केली. आमच्या जळगाव-धुळ्याकडे तशी मोटार कोणाच्या अंगणात असण्याचा संभव नव्हता. आमची स्पोर्ट्‌स कार दोन चाकांची. राजदूत, येझदी आणि बुलेट एवढ्यांवरच ज्यांची हौस भागत असे त्या पिढीसमोर १९८४ ते १९८६ या अल्पशा अवधीत इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आणि कावासाकी-बजाज अशी शंभराच्या वर्गातील चार जपानी घराणी येऊन उभी राहिली. त्यांत पेट्रोल वाचवण्याचा मान होंडाकडे गेला, आणि वाचलेले पेट्रोल उधळण्याचा यामाहाकडे. एस्कॉर्ट्‌सने १९८५ च्या नोव्हेंबरात बाजारात आणलेल्या या गाडीचे वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास, शक्ती ११ अश्व. मागून आवाज आला की पारोळा रस्त्यावरचा बैलगाडीवाला न पाहता बैल डावीकडे घेई. १९९६ मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी तिचे उत्पादन थांबले. आज पंचविशीतला जो मुलगा तिच्यासाठी नव्या गाडीची किंमत मोजायला तयार असतो, त्याच्या जन्मापूर्वीच ती बंद पडली होती, ही मोठी मौज आहे.

गाडी टेम्पोत घालून जळगावास आणली आणि अंगणात, लिंबाच्या सावलीत, तिचा रीतसर पंचनामा केला. प्रत्येक भाग सोडवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, प्रत्येक स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. घरच्या कामात सर्वांत मोठा शत्रू गंज नसून विस्मृती असते. सोडताना सगळे सोपे वाटते, आणि महिन्याने हातात उरलेला एक वॉशर माणसाची झोप उडवतो. दुसरे काम रुजवातीचे: इंजिनावर व चॅसीवर ठोकलेले क्रमांक आर.सी. बुकातल्या क्रमांकांशी ताडून पाहणे. या गाड्यांना आलेल्या भावामुळे एकीचे इंजिन, दुसरीची चॅसी आणि तिसरीचे कागद असा संसार पुष्कळ ठिकाणी मांडलेला आढळतो. मामांची गाडी मात्र १९९१ ची, एकपत्नी. कागद आणि लोखंड एकमेकांशी प्रामाणिक होते.

मग वादाला तोंड फुटले. चिरंजीवांचे मत, गाडी उघडलीच आहे तर पुढे डिस्क ब्रेक, मागे रुंद टायर आणि आर.एक्स. १३५ चा ब्लॉक बसवून ती ‘अपग्रेड’ करावी. माझे मत, मामांनी दुकानातून आणली तशी, अस्सलबरहुकूम करावी. आता ज्या धुळ्यातून ही गाडी आली, त्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली निवर्तले आणि त्यांनी जन्मभर पायपीट करून जमवलेली दप्तरे सांभाळण्यास दुसऱ्याच वर्षी तेथे संशोधन मंडळ निघाले. तेव्हा अस्सल कोणते आणि दुरुस्त कोणते या वादात मला त्यांची आठवण न होती तरच नवल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्ध पाठ सिद्ध केले. राजवाड्यांनी त्याही मागे जाण्याच्या जिद्दीने एक जुनी प्रत शोधून १९०९ साली छापली, आणि तिच्या अस्सलपणावरूनच पुढे रणे माजली. म्हणजे अस्सलाचा शोध घेणाऱ्याची फजिती काही आजची नव्हे. मुलाला हा दाखला सांगितला तेव्हा त्याने एवढेच विचारले, की यामाहाची पहिली गाडी कोणती. उत्तर अडचणीचे होते. १९५५ साली यामाहाने काढलेली पहिली मोटरसायकल, वायए-१, ही जर्मन डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ वरून घेतलेली, उघडउघड नक्कल. मी गप्प बसलो आणि स्पॅनर हाती घेतला.

या इंजिनाची रचना एकदा नीट समजली, की त्याचे निम्मे रोग घरी ओळखता येतात. नित्याच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या चार धावांत एकदा ठिणगी पडते; टू-स्ट्रोकमध्ये दट्ट्या खाली-वर एकदा झाला की एकदा, म्हणजे प्रत्येक फेरीला स्फोट. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला पोर्ट, म्हणजे झरोके, पाडलेले असतात आणि पिस्टनच येता-जाता त्यांची उघडझाप करतो. पेट्रोल व हवेचे मिश्रण थेट वर न जाता आधी खालच्या क्रँक चेंबरमध्ये शिरते, तेथे दाबले जाते आणि मग झरोक्यांतून वर ढकलले जाते. यास्तव चेंबर हवाबंद असणे ही गाडीच्या प्राणाची अट आहे, आणि ती क्रँकच्या दोन टोकांवरील दोन रबरी ऑईल सीलांवर अवलंबून असते. क्लचकडचे, म्हणजे उजवीकडचे सील गेले, तर गिअरचे ऑईल आत ओढले जाऊन पांढरा धूर निघतो आणि निघतच राहतो. मॅग्नेटकडचे डावे सील गेले, तर जास्तीची हवा शिरते, मिश्रण कोरडे पडते, पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. मेकॅनिक त्याला ‘सीज झाली’ म्हणतात. अकरा वर्षे पडून राहिलेल्या गाडीची ही दोन्ही सीले बिस्किटासारखी तुटतात. बाहेरून रंग मारून, चकाकी आणून चालू केलेल्या कित्येक गाड्या पहिल्या शंभर किलोमीटरांत सीज होतात त्या या काही रुपयांच्या रबरापायी.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये या गाडीत एक लहानसा पिंजरा असतो. त्यावर पातळ पात्या बसवलेल्या. पिस्टन वर गेला की आतल्या पोकळीने त्या उघडतात, खाली आला की मिटतात, आणि आत आलेले मिश्रण परत फिरू देत नाहीत. हा रीड व्हॉल्व्ह. मी तो काढून पुसला, दिव्यासमोर धरला, तेव्हा एका पातीच्या कोपऱ्यातून उजेडाची केसाएवढी रेघ आली. गाडी शेवटी शेवटी सकाळी आठ-दहा किकांशिवाय चालू होत नसे, त्याचे कारण ती रेघ. रीड हा शब्द पेटी वाजवणाऱ्यांच्या घरचा आहे, आणि यामाहाच्या घरचाही. १८८७ साली हामामात्सु गावच्या शाळेतली बिघडलेली रीडची पेटी तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने दुरुस्त केली आणि त्यातून हा सारा कारखाना उभा राहिला; टाकीवरच्या बिल्ल्यात आजही सूर लावण्याचे तीन काटे आहेत. इंजिन मिनिटाला ७५०० फेऱ्यांनी फिरते तेव्हा ही पाती सेकंदाला १२५ वेळा उघडते, आणि पेटीच्या खर्जातही जवळपास याच वेगाने कंप पावणारी एक पट्टी असते. इंजिन खोलून बसलेल्या माणसाला असले योगायोग फार सुखावतात.

ब्लॉक घेऊन आम्ही पुन्हा धुळ्यास गेलो, कारण मामांच्या गाडीला पूर्वी हात लावलेले मिस्त्री तेथे. त्यांनी बोट आत फिरवले, रिंगेचा घट्टा कोठे पडला आहे तो नखाने चाचपला आणि म्हणाले, “भाऊ, ब्लॉक घसायेल शे, संपेल नही.” मूळ व्यास ५० मिलिमीटर आणि धावही ५०, त्यावरून येते ९८ सी.सी. झीज झाली की ब्लॉक पाव-पाव मिलिमीटरने मोठा बोअर करतात व त्या मापाचा पिस्टन घालतात. पूर्ण एक मिलिमीटर वाढवला तरी एकूण १०२ सी.सी. होतात, म्हणजे सगळे आयुष्य खर्चून वाढ चार सी.सी.ची. आमचे काम अर्ध्या मिलिमीटरवर भागले. लेथवाल्याने काम चोख केले, परंतु मिस्त्रींनी ब्लॉक तसाच बसवू दिला नाही. बोअर केल्यावर झरोक्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात आणि रिंग त्यांत अडकून तुटते. त्या बारीक कानसीने आणि मग पॉलिश पेपरने त्यांनी एकेक करून मारल्या, अर्धा तास, डोळे मिटून, केवळ बोटाच्या अंदाजाने. रिंगेची टोके खाचेतल्या पिनेशी आणि पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, हे त्यांनी मुलाकडून दोनदा म्हणवून घेतले.

पुढचा वाद ऑईलच्या पंपाचा. या इंजिनात क्रँकला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबर जाणाऱ्या टू-टी ऑईलमधूनच. जुन्या राजदूतला ते पेट्रोलपंपावर मापाने टाकीत ओतावे लागे. यामाहाने त्यासाठी निराळी टाकी आणि अॅक्सिलरेटरच्या तारेला जोडलेला पंप दिला, म्हणजे मूठ पिळावी तेवढे ऑईल. पंपात हवा अडकली किंवा तार सैल झाली तर मात्र इंजिन कोरडेच धावते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून बहुतेक मेकॅनिक पंप काढून भोक बुजवतात व लिटरमागे २० मिली ऑईल टाकीत घालायला सांगतात. यात सुरक्षितता आहे, हे मी नाकारीत नाही. तथापि, ज्या कल्पनेसाठी ही गाडी तिच्या काळाच्या पुढे होती, तीच काढून फेकायची आणि वर टाकीवर मूळचे स्टिकर चिकटवायचे, याला जीर्णोद्धार म्हणवत नाही. पंप ठेवला, हवा काढली, खुणेवर खूण जुळवली, आणि पहिल्या दोन टाक्यांना पेट्रोलातही थोडे ऑईल मिसळले. श्रद्धा असली तरी जामीन घ्यावा.

एका बाबतीत मात्र अस्सलाचा हट्ट मी स्वतःच सोडला. आज पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. १९९१ च्या रबराला ते मानवत नाही, नळी फुगते. ते हवेतले पाणी शोषते, टाकी आतून गंजते. शिवाय इथेनॉलात मुळातच प्राणवायू असल्याने मिश्रण कोरडे होते, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर, केवळ वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनात कोरडेपणा म्हणजे काय, ते वर आलेच आहे. म्हणून नळी व सीले नव्या जातीच्या रबराची, आणि कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक माप मोठा. खानदेशातला मका इथेनॉलच्या कारखान्यात जातो आणि त्याच खानदेशातल्या आरेक्सचा जेट बदलावा लागतो.

१३५ चा ब्लॉक मात्र आला नाही. त्याची धाव तीच ५०, व्यास ५८, म्हणून १३२ सी.सी.; मोह पडण्यासारखाच. पण तो बसवायला चेंबरचे तोंड कापून मोठे करावे लागते, आणि कापलेले पुन्हा जोडता येत नाही. मोटर वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने निर्मात्याच्या तपशिलाविरुद्ध फेरबदलास मनाई आहे, २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५००० रुपये दंड वा कैद सांगितली आहे, हे मी मुलाला वाचून दाखवले. पटले त्याला पहिलेच कारण. सायलेन्सर कापून आवाज वाढवण्याचा विचारही असाच गळाला. टू-स्ट्रोकच्या नळीचा फुगीर व पुढे निमुळता होत जाणारा आकार धुराची लाट परतवून निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरात लोटतो. ती कापणारा आवाज कमावतो आणि ताकद घालवतो.

राहता राहिली आर.टी.ओ.ची कचेरी. वारसाहक्काने मामींचे नाव लावण्यास फॉर्म ३१, मुदत वाढवण्यास फॉर्म २५, पर्यावरण कर, विलंबाचा आकार, आणि नूतनीकरणाची फी, जी २०२२ पर्यंत ३०० रुपये होती ती वीस वर्षांवरील दुचाकीस २०२५ पासून २०००. धूर तपासला तेव्हा कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांच्या आत निघाला, आणि मिस्त्रींनी, जणू परीक्षेला तेच बसले होते अशा थाटात, पागोटे नसतानाही डोक्यावरून हात फिरवला. एमएच-१८ च्या आवारात निरीक्षकांनी चॅसीच्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली. एक आकडा गंजाने खाल्लेला. तीन की आठ ते कळेना. त्यांनी कागद उन्हात तिरपा धरला, शिलालेखाचा ठसा वाचावा तसा वाचला, बुकाशी ताडला, सही केली. कागद परत देताना आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्यांनी हळूच विचारले, “ऑईलचा पंप चालू आहे, की काढून टाकलात?”

“चालू आहे,” मी म्हणालो.

त्यांनी पेन खिशात ठेवले आणि किक एकदा स्वतः मारून पाहिली.