आधी भाकरीची सोय

नुसता कायदा करून काय होतंय, असं आपण सहज म्हणून जातो, नाही का? मद्रास विधान परिषदेच्या सभासद डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी याचाही विचार केला होता. देवाला मुलगी वाहण्याची चाल मोडायची, तर देवळाच्या सेवेपोटी मिळालेली इनाम जमीन जायची. मग खायचं काय? म्हणून मुलगी वाहायची! त्यांच्या १९२९ च्या विधेयकानं जमीन त्या बाईकडेच ठेवली, सेवेचं बंधन तेवढं काढलं. हा हिशेब बाईलाच सुचायचा! संपूर्ण बंदीचं विधेयकही त्यांनी मांडलं. पण १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. बंदीचा कायदा व्हायला १९४७ साल उजाडलं.