हापूसचा साका आणि विज्ञानाची सबुरी

रत्नागिरीच्या माणसाला झाडांचे महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता नाही. जांभ्याच्या सड्यावर सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून त्याने हापूसची कलमे जगविली आणि त्या कलमांनी पुढे घरातील शिक्षणांचा व लग्नकार्यांचा भार उचलला. परंतु ज्या झाडावर आपण इतके विसंबून आहोत, त्याविषयीचे ज्ञान कसे सिद्ध होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. हापूसमधील ‘साका’ हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

साका झालेले फळ बाहेरून निर्दोष दिसते. रंग, वास, आकार, कशातच उणे नसते. कापल्यावर मात्र बाठ्याभोवतीचा गर फिकट, भुसभुशीत व बेचव निघतो. एकाच झाडाची दोन फळे. एक उत्तम, दुसरे वाया. असे का व्हावे?

संशोधकांचा प्रथम संशय उष्णतेवर होता. तापलेल्या जमिनीची धग फळाला बाधत असावी, असा हा तर्क. परंतु तर्क मांडला म्हणजे विज्ञान झाले, असे नव्हे. तो पडताळावा लागतो. झाडांखाली गवताचे व पालापाचोळ्याचे आच्छादन घालून पाहिले, तेव्हा साक्याचे प्रमाण घटलेले आढळले. बागायतदार ज्याला ‘चौदा आणे तयार’ म्हणतात, त्या अवस्थेत काढलेल्या फळांत झाडावरच पक्व होऊ दिलेल्या फळांपेक्षा हा दोष कमी असतो, हेही दिसून आले.

तथापि, त्याच उन्हात वाढणाऱ्या नीलमसारख्या जातीत साका का नसावा, हे कोडे उरलेच. पुढे बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी बाठ्याकडे लक्ष वळविले. फळ झाडावर असतानाच आतील बी रुजण्याच्या मार्गाला लागते आणि त्यामुळे भोवतालच्या गराची घडण बिघडते, असे त्यांनी प्रतिपादन केले. म्हणून आच्छादनाचा प्रयोग खोटा ठरला नाही. त्याचा अर्थ अधिक खोलवर शोधावा लागला, इतकेच. विज्ञानाची वाटचाल बहुधा अशीच असते.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने निराळा मार्ग चोखाळला. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही साका न होणारी जात प्रसारित झाली. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये अतिशय पातळ बाठ्याची ‘सिंधू’ आली. आंब्याचे रोप फळावर येण्यासच कित्येक वर्षे लागतात आणि नंतरही ते वर्षातून एकदाच उत्तर देते. अशा संशोधनाकडे एका हंगामात निकाल मागणे, किंवा एखाद्या वर्षी अनुदानात हात आखडून त्याची साखळी तोडणे, हे म्हणूनच आत्मघातकी होय.

या प्रश्नाला आज विशेष निकड आहे. अवकाळी पावसाने मोहोर गळतो, फुलकिडे फवारणीला दाद देत नाहीत आणि हवालदिल बागायतदारापुढे नित्य नवे औषध येऊन उभे राहते. ‘अमक्याने मारले, त्याला पीक आले,’ एवढा पुरावा त्याला पुरेसा वाटतो. परंतु त्याच बागेतील काही झाडे औषधावाचून राखून ठेवली होती काय? त्यांना पीक किती आले? हे विचारल्याखेरीज यश औषधाचे की हवेचे, हे कळणार कसे? हा साधा प्रश्न विचारण्याची सवय कर्जाच्या खाईतून वाचवू शकते.

ती सवय शाळेतच लागावयास हवी आणि त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही. चौदा आणे तयार असताना काढलेले दहा आंबे व झाडावरच पाड लागलेले दहा आंबे मुलांनी पिकल्यावर कापावेत, साका मोजावा, वहीत नोंद करावी आणि पुढील वर्षी तेच पुन्हा करावे. एका वर्षीच्या दहा फळांवरून निष्कर्ष काढता येत नाही, हेही त्यांना त्यातूनच उमगेल. आणि तो धडा पाठ्यपुस्तकातील कोणत्याही व्याख्येहून मोलाचा ठरेल.