रसायनोपचार : अर्थ आणि औषधे

‘केमोथेरपी’ हा शब्द उच्चारताच आज कर्करोगच डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः त्याची व्याप्ती मोठी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी हा शब्द रूढ केला, तो रासायनिक द्रव्यांनी रोगजंतूंचा नाश करण्याची पद्धती या अर्थाने. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या परिसराला ही पद्धती कर्करोगाच्या आधी कुष्ठरोगामुळे परिचित झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

कुष्ठरोगावर पूर्वी डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षे देण्यात येई. कालांतराने त्याला दाद न देणारे जंतू आढळू लागले. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन ही औषधे एकत्रित देण्याची शिफारस केली. हा बहुविध औषधोपचार भारतात आरंभी ज्या जिल्ह्यांत हाती घेण्यात आला, त्यांत वर्धा होता. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडावा, हे त्यामागील तत्त्व होय.

कर्करोगातही अनेकदा औषधे एकत्रित देतात, त्यामागे बरेचसे हेच कारण आहे. मात्र येथे शत्रू बाहेरचा नसून आपल्याच शरीरातील बेबंद वाढणाऱ्या पेशी असतात. मेथोट्रेक्सेट त्यांना फॉलिक आम्लाचा उपयोग करू देत नाही. सायक्लोफॉस्फामाइड त्यांच्या आनुवंशिक द्रव्यावर आघात करते. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टिन व व्हिन्ब्लास्टिन ही द्रव्ये पेशीचे विभाजनच रोखतात. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिनचे स्थान मोठे आहे. म्हणून कोणी सदाफुलीची पाने वाटून घेऊ लागेल, तर तो विषाशी खेळ ठरेल! पानांतील द्रव्याचे प्रमाण अत्यल्प व अनिश्चित असते. औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच द्यावे लागते.

केसांची मुळे, तोंडाचे अस्तर व अस्थिमज्जा यांतील पेशीही जलद विभागतात. त्यामुळे केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी घटतात. मज्जेला सावरता यावे म्हणूनच दोन मात्रांमध्ये बहुधा काही दिवसांचे अंतर ठेवण्यात येते. बरे वाटले म्हणून पुढची फेरी चुकविल्यास उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. गळलेले केस बहुतेकांना पुन्हा येतात. तापाचे मात्र तसे नाही. उपचारकाळात ताप आल्यास तो अंगावर न काढता तत्काळ रुग्णालय गाठावे. सेवाग्राम व सावंगी मेघे येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये पिपरी मेघेहून दूर नाहीत.