लाओसचे ह्मोंग सैनिक

1962च्या जिनिव्हा कराराने लाओस तटस्थ राष्ट्र ठरले. तिथे उघडपणे फौज उतरवणे अमेरिकेला शक्य नव्हते. म्हणून अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयएने व्हिएतनाम युद्धाच्या काळात लाओसच्या डोंगरांत राहणाऱ्या ह्मोंग लोकांना शस्त्रे, प्रशिक्षण आणि पगार देऊन लढवले. त्यांचे नेतृत्व जनरल वांग पाओ यांच्याकडे होते. मुख्य तळ लाँग चेंगला होता आणि तिथला गजबजलेला विमानतळ नकाशावर दाखवलेला नसे. उत्तर व्हिएतनामी सैन्याला अडवणे, त्याच्या रसदीच्या हो ची मिन्ह मार्गावर पाळत ठेवणे, पाडलेल्या विमानांच्या अमेरिकी वैमानिकांना शत्रूच्या मुलखातून सोडवून आणणे ही त्यांची कामे. हजारो ह्मोंग त्यात मारले गेले. प्रौढ पुरुष कमी पडू लागले तेव्हा कोवळी मुलेही भरती झाली.

मे 1975मध्ये कम्युनिस्टांची सरशी होताच लाँग चेंगहून विमानांनी थोड्याच लोकांना हलवले. मागे राहिलेल्यांपैकी हजारो जण जीव मुठीत धरून मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पोहोचले. पुढे अनेकजण कॅलिफोर्निया, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झाले.

युद्धच गुप्त असल्याने त्यांची सेवाही अमान्य राहिली. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्या स्मरणार्थ फलक बसला तो 1997मध्ये. 2000च्या कायद्याने नागरिकत्वाच्या परीक्षेत त्यांना दुभाष्याची मदत मिळू लागली. 2011मध्ये वांग पाओ यांचे निधन झाले, पण आर्लिंग्टनमध्ये दफनाची विनंती फेटाळली गेली; हा नकार समाजाच्या जिव्हारी लागला. 2018च्या कायद्याने पात्र ह्मोंग सैनिकांना इतर राष्ट्रीय दफनभूमींत जागा मिळू लागली. त्या कायद्याने निवृत्तिवेतन किंवा लष्करी रुग्णालयातील उपचार मात्र दिले नाहीत.